रिहॅब विंगमधल्या काकांना, पंपाबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोन्ही विंगच्या, म्हणजे जुन्या चाळकऱ्यांच्या रिहॅब विंगच्या आणि फ्लॅट विकत घेतलेल्यांच्या सेल विंगच्या, नोटीस बोर्डांवर लागणार आहे, तेव्हा रागावू नका. तुमच्या दारात येऊन मी चार वेळा आभार मानायला गेले आणि चारही वेळा तुम्ही, "ते जाऊ द्या हो, पाण्याचं प्रेशर कसं आहे तुमच्याकडे?" म्हणून विषय बदललात. काकूंनी चहा दिला. आभार राहिले ते राहिलेच. शिवाय कमिटीच्या वहीत या कामाची नोंद 'किरकोळ दुरुस्ती, रु. ४१०' एवढीच आहे. सेक्रेटरी म्हणून त्या ओळीखाली सही मीच केली आणि त्याची मला लाज वाटली.

झालं होतं ते असं. एप्रिलअखेर स्विमिंग पूलच्या भिंतीतल्या इनलेटमधून पाण्याबरोबर बुडबुडे यायला लागले. पोरं खूश. त्यांनी त्याला 'जकुझी' म्हणायला सुरुवात केली, एकेकाची पाठ लावून उभं राहायची पाळी ठरली. आठवड्याभरात पाणी गढूळ, मग हिरवट. सँड फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा थरथरायचा. रोज सकाळी पंपाचं झाकण उघडून त्यात बादलीभर पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी उचलायचाच नाही, आणि ते काम वॉचमनच्या गळ्यात पडलं.

आम्ही कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्याच्या माणसाने झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बदलली. फरक नाही. बास्केट साफ केली, ड्रेन प्लग घट्ट केले. फरक नाही. मग त्याने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं की लाइन जमिनीखाली फुटलीय, पोडियमच्या टाइल्स फोडाव्या लागतील. एस्टिमेट दीड लाख. मीटिंगमध्ये दोन तास भांडण झालं, ते इथे लिहीत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी आवाज चढवला त्यांनाही.

या दोन तासांत पंप रूम कोणाच्या खिडकीखाली आहे, याचा विचार एकालाही सुचला नाही. ती तुमच्या खिडकीखाली आहे. जिथे आपला पूल आहे तिथे तुमची चाळ होती. लालबागमधल्या जुन्या लोकांना ते सांगावं लागत नाही. टॉवर झाला, पूल आमच्या विंगला मिळाला आणि मोटरचा आवाज तुमच्या विंगला. महिनाभर तो आवाज ऐकून शेवटी तुम्हीच वॉचमनला म्हणालात, "पंपात खडे घातल्यासारखं वाजतंय. हवा खातोय तो. तुमच्या मॅडमना सांग." वॉचमनने सांगितलं आणि मी (हे कबूल करते) दोन दिवस काहीच केलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच आलात. लेंगा, बनियन, खांद्यावर पंचा, हातात दाढीचा ब्रश आणि साबणाची वाटी. मला वाटलं दाढी अर्धवट टाकून आलात.

आल्या आल्या तुम्ही विचारलंत, "पाणी कुठे गळतंय ते शोधताय ना?" मी हो म्हटलं. तीन आठवडे आम्ही बॅटरी घेऊन ओल शोधत होतो आणि थेंबभरही ओल सापडत नव्हती. तुम्ही म्हणालात की पंपाच्या अलीकडे, म्हणजे ओढण्याच्या बाजूला, पाणी बाहेर येतच नाही, तिथे हवा आत जाते. पंपाच्या पुढे गळती असती तर पाणी बाहेर उडालं असतं. आणि आपला पंप पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवलाय, त्यामुळे बंद केल्यावरही पाणी मागे उतरतं, जॉइंटमधून टपकत नाही. एवढं सांगून झाल्यावर तुमच्या रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपचा विषय निघाला. जुन्या डब्यांना व्हॅक्युम ब्रेक होते, पाइपातून हवा काढून घेतली की ब्रेक सुटायचे आणि हवा शिरली की लागायचे. एखाद्या होसचं रबर चिरलं की गाडी ओढून ओढून चालायची आणि दिसायला कुठेच काही दिसायचं नाही. ती चीर शोधण्यात तुमची अर्धी नोकरी गेली. आमच्या कॉन्ट्रॅक्टरची गेली नव्हती.

पहिलं काम म्हणजे तुम्ही पूलमधून सगळी पोरं बाहेर काढलीत. पोरं कुरकुरली. तुम्ही सांगितलंत की आता एकेक व्हॉल्व्ह बंद करणार, म्हणजे उरलेल्या तोंडाला ओढ वाढणार, आणि त्या वेळी तळाच्या जाळीजवळ कोणी नको. हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी ते पूलच्या नियमांत लिहून टाकलंय.

मग स्किमरची, म्हणजे भिंतीतल्या ज्या तोंडातून पूलचं वरवरचं पाणी ओढलं जातं त्याची, लाइन बंद केलीत. बुडबुडे येतच राहिले. ती उघडून तळाची बंद केलीत. बुडबुडे. तीही उघडून व्हॅक्युम क्लीनरची. तरी बुडबुडे. मला वाटलं, संपलं, दीड लाख गेले. तुम्ही मात्र हसलात. "तिन्हींत एकाच वेळी भोक पडेल का? तिन्ही जिथे एकत्र होतात तिथून पंपापर्यंत बघायचं. हातभर पाइप आहे." जमिनीखालची लाइन त्या एका वाक्यात सुटली. माझं इंजिनिअरिंग झालंय, काका. कॉम्प्युटरचं का असेना. हे मला सुचायला हवं होतं.

उदबत्तीचा प्रयोग फसला तेही लिहिते, कारण मला तो आवडला होता. झाकणाजवळ उदबत्ती धरली तर धूर ओढला जाईल अशी माझी कल्पना. मोटरच्या पंख्याने धूर सगळ्या दिशांना पळवला आणि पंप रूमला देवळाचा वास आला. तुम्ही काही बोलला नाहीत, वाटीत ब्रश फिरवायला लागलात.

तो फेस अजून डोळ्यांसमोर आहे. घट्ट, ब्रश उलटा केला तरी न पडणारा. झाकणाच्या कडेने एक पट्टा, व्हॉल्व्हच्या दांड्यांभोवती एकेक गोळा, आणि पाइप पंपात शिरतो त्या आट्यांच्या जॉइंटवर गोल मिशी. आपण बसून बघत राहिलो. झाकणावरचा फेस तसाच. दांड्यांवरचा तसाच. आट्यांच्या जॉइंटला वरून काही नाही. तुम्ही गुडघ्यावर बसून मोबाइलची बॅटरी खालून मारलीत आणि मला बोलावलंत. फेसाच्या खालच्या अंगाला मसुराएवढी खळी पडली होती. बघता बघता ती खोल झाली आणि त्या जागचा फेस आत गेला. बाहेरून वॉचमन ओरडला, "मॅडम, बुडबुडे कमी झाले!" भोक फेसाने बुजलं होतं तेवढ्यापुरतं. मग पुन्हा सुरू.

कारणही तुम्हीच काढलंत. मे महिन्यात पाणीकपात होती, आम्ही पूलमध्ये पाणी भरलं नाही, पातळी स्किमरच्या तोंडाखाली गेली आणि पंप एक अख्खी दुपार हवा ओढत कोरडा फिरला. आतलं उरलेलं पाणी तापलं, पीव्हीसीचे आटे तापून आकसले. मग पाणी भरलं तरी त्या आट्यांची पकड आली नाही. बुडबुडे त्याआधीपासूनचे होते, असा मी वाद घातला. तुम्ही शांतपणे विचारलंत की एप्रिलमध्ये पातळी किती होती. रजिस्टर काढलं. तेव्हाही ती स्किमरच्या कडेलाच होती. सुरुवातीला वरूनच हवा जात होती, आटे नंतर गेले. म्हणजे चूक कॉन्ट्रॅक्टरची नव्हती, आमची होती. त्याची फक्त टाइल्स फोडायची घाई.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा अडॅप्टर, टेफ्लॉन टेप आणि एक युनियन आणलंत, पुढच्या वेळी पाइप न कापता उघडता यावा म्हणून. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर मी लगेच स्विच दाबायला गेले तेव्हा हातावर चापट बसली. "रात्रभर सुकू दे, बाळा." मॅडमची बाळा झाले, बरं वाटलं. ओ-रिंगला आम्ही पेट्रोलियम जेली फासली होती ती तुम्ही पुसून काढलीत, त्याने रबर फुगतं म्हणालात, आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी लिहून दिलीत. सकाळी पंप सुरू करण्याआधी फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडायला लावलात. पाच-सात मिनिटं नुसती फुसफुस, मग पाण्याची चिळकांडी थेट माझ्या ड्रेसवर. गेजचा काटा स्थिर. इनलेटचं पाणी काचेसारखं.

स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आता लाल पेंटची रेघ आहे. पाणी तिच्याखाली गेलं की पंप बंद, असं वॉचमनला सांगितलंय. पंपाखाली रबराची पॅडही बसवली, तुम्ही मागितली नव्हती तरी. रात्री दहानंतर पंप चालणार नाही.

रिहॅब विंगच्या मुलांना पूल वापरू द्यावा असा ठराव मी मांडला होता. तो पास झाला नाही. बाजूने नऊ, विरोधात चौदा. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. पुढच्या जनरल बॉडीत पुन्हा मांडणार आहे. तुम्ही मला म्हणाला होतात, "आम्ही गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून शिकलो, आम्हाला काय करायचाय तुमचा टब." तुमचं ठीक आहे. पण तुमची नात गॅलरीच्या गजांतून खाली बघत असते, ती मला रोज दिसते.

तुमचा दाढीचा ब्रश अजून पंप रूमच्या खिडकीत आहे. वॉचमन कोणाला हात लावू देत नाही, दर पहिल्या तारखेला त्या ब्रशनेच सगळ्या जॉइंटना फेस लावतो. म्हणून तो परत करत नाहीये. या पत्राबरोबर नवा पाठवते आहे.

तुमची,
सेल विंगची सेक्रेटरी