रोहनला पत्र : आयावास्काच्या पेल्याआधी

इकितोस, पेरू

प्रिय रोहन,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल मिळाला. आयावास्का प्यायला इकडे यायच्या तारखा, केंद्र, किती रात्री बैठकीला बसायचं, हे सगळं तू सविस्तर विचारलंयस. तू घेत असलेल्या गोळीचा उल्लेख मात्र अगदी शेवटी, एका ओळीत केलायस. मी सुरुवात तिथूनच करते. हे पत्र काका-काकूंनाही वाचायला दे. त्यांच्यापासून लपवून इकडे यायचं नाही.

आयावास्का म्हणजे भान बदलून टाकणारा दोन वनस्पतींचा काढा. एक जाड वेल, तिलाही इथे आयावास्काच म्हणतात, आणि दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. पानांत डीएमटी नावाचं भास निर्माण करणारं द्रव्य असतं. नुसती पानं उकळून प्यायली तर काहीच होत नाही, कारण आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर असतं, ते डीएमटी रक्तात पोहोचण्याआधीच मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन, हार्मालिन ही द्रव्यं त्या विकराला काही तास अडवून धरतात, म्हणून काढा चढतो. पण सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची विल्हेवाटही तेच विकर लावतं. तुझी गोळी, एसिटालोप्राम, सेरोटोनिन वाढवते आणि वेल त्याचा निचरा बंद करते. दोन्ही एका वेळी शरीरात असली की सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो : तापाने अंग तापणं, दरदरून घाम, पाय आपोआप थडथड उडणं, स्नायू ताठणं, बरळणं. यात माणूस दगावू शकतो.

सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या इतर गोळ्यांचंही तेच. खोकल्याच्या अनेक औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, अंगदुखीवर ट्रॅमाडॉल देतात. ती दोन्हीही यात चालत नाहीत आणि ती प्रवासाच्या बॅगेत सहज येतात. बायपोलरसाठी लिथियम घेत असलेल्या माणसाला फिट येण्याचा धोका असतो.

केंद्रांच्या फॉर्मवर 'गोळ्या दोन आठवडे आधी बंद करा' असं लिहिलेलं दिसतं. ते दोन आठवडे शेवटची गोळी घेतल्यानंतरचे. त्याआधी डोस हळूहळू उतरवायला लागणारे आठवडे वेगळे. फ्लुओक्सेटिन शरीरात फार रेंगाळतं, म्हणून त्याच्यासाठी शेवटच्या गोळीनंतर किमान पाच आठवडे धरतात. आणि गोळी एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं, झोप उडणं, जुनी भीती दुपटीने परत येणं, हे सगळं सुरू होतं. त्या अवस्थेत अनोळखी जंगलात येऊन बसणं मला बिलकूल मान्य नाही. गोळी बंद करायची की नाही, हे तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं, आणि तेही तुझ्या प्रकृतीकडे बघून, विमानाच्या तारखेकडे बघून नव्हे. त्यांनी नाही म्हटलं तर काढा प्यायचा नाही. मग काय करता येईल ते पुढे लिहिते.

स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल, हृदयाचा विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट्स असतील, किंवा बाई गरोदर असेल, तर पेला घेऊ नये. काढ्याने नाडी आणि रक्तदाब काही वेळ वाढतात. आपल्या घरात मागच्या पिढीत कोणाला काय होतं, हे काकांना एकदा नीट विचार. आपल्याकडे अशा गोष्टी दडवून ठेवतात, पण इथे ती माहिती लागतेच.

आता रात्रीचं. बैठक अंधार पडल्यावर, साधारण आठ-नऊच्या सुमारास सुरू होते. जागा म्हणजे मालोका, उंच गवती छपराची गोल झोपडी. प्रत्येकाला एक गादी, एक बादली, टॉयलेट पेपरचा रोल. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाल, डास फार असतात. लाल उजेडाची छोटी टॉर्च आण. पांढऱ्या झोताचा शेजारच्यांना त्रास होतो. दुपारी हलकं जेवून नंतर काही खायचं नाही. पोट भरलेलं असेल तर काढा उशिरा चढतो आणि उलटीही जास्त त्रासाची होते.

त्याआधीच्या दिवसांत पथ्य असतं. त्याला इथे दिएता म्हणतात : मीठ, साखर, तेल, तिखट, डुकराचं मांस, दारू, शरीरसंबंध बंद, ताटात उकडलेली हिरवी केळी, भात, भाजलेली नदीची मासळी. फोडणीशिवाय आठवडा काढणं तुला जड जाईल, तेव्हा निघण्याआधीच घरी सवय कर. जुनं चीज, वाइन, सोया सॉस असे मुरवलेले आणि आंबवलेले पदार्थही टाळ. त्यांतलं टायरामिन मोडायचं कामही त्याच विकराचं असतं.

शिपिबो हे पेरूच्या जंगलातले आदिवासी, उकायाली नदीकाठचे, पुकायपा शहराच्या आसपासचे. इकितोसच्या केंद्रांतही बरेचसे वैद्य तेच असतात. त्यांच्या भाषेत वैद्याला ओनान्या म्हणतात. तू माएस्त्रो किंवा माएस्त्रा म्हण. ते आधी बाटलीवर हळू शीळ घालतात, मापाचोचा, म्हणजे रानटी तंबाखूचा, धूर फुंकतात आणि मग एकेकाला पुढे बोलावतात. पेला छोटा असतो, पण किती मिली हे विचारण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक भांड्यातला काढा वेगळा आटवलेला असतो. पहिल्या रात्री 'पोको', म्हणजे थोडा, असं स्पष्ट सांगायचं. चव कडू, आंबूस, मातकट. एका घोटात घ्यायचा, चूळ भरून पाणी थुंकायचं. मग दिवा विझतो.

पहिला अर्धा-पाऊण तास शांतता असते. मग जांभया, हातापायांत मुंग्या, थंडी, मळमळ. मिटलेल्या डोळ्यांपुढे नक्षी उमटते. शिपिबो बायका कापडावर रेषांची जी केने नक्षी भरतात, तिच्याशी तिचं नातं ते लोक सांगतात. कोणाला दृश्यं दिसतात, कोणाला नुसत्या आठवणी आणि रडू, कोणाला काहीच नाही. सर्वांत जोर पहिल्या ते दुसऱ्या तासात असतो आणि चार ते सहा तासांत सगळं ओसरतं. याच काळात गाणी चालतात, त्यांना इकारो म्हणतात. वैद्य प्रत्येकासमोर येऊन बसतो आणि त्याच्यासाठी वेगळं गातो. त्या वेळी शक्यतो उठून बसायचं.

उलटी बहुतेकांना होते आणि इथे ती उपचाराचाच भाग मानतात. बसून, पुढे झुकून बादलीत करायची. उताणं झोपून कधीच नाही, श्वासनलिकेत जाते. जुलाबही होतात. संडासला जाताना मदतनिसाला हाक मार, कारण वेलीतल्या हार्मिनमुळे तोल जातो आणि ओल्या लाकडी पायऱ्यांवर माणसं पडतात. तास झाला तरी काही जाणवत नाही म्हणून घाईने दुसरा पेला मागणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पहिला उशिरा चढतो, दोन्ही एकदम अंगावर येतात आणि मग घाबरगुंडी उडते. भीती वाटली तर उठून बस, डोळे उघड, लांब श्वास सोड, गाण्याकडे लक्ष दे. हात धरायला कोणी हवं असेल तर हाक मारायला लाजू नकोस.

छातीत दुखणं, फिट, बेशुद्धी, मघाशी लिहिलेली तापाची आणि ताठरण्याची लक्षणं, किंवा सकाळ झाल्यावरही माणूस भानावर न येणं, ही मात्र शुद्धीकरणाची चिन्हं नव्हेत. तेव्हा दवाखानाच गाठायचा. म्हणून पैसे भरण्याआधी केंद्राला विचार : रात्री एक वाजता इकितोसच्या इस्पितळात पोहोचायला किती वेळ लागतो? बोट तिथेच बांधलेली असते का, पेट्रोल भरलेलं असतं का? न पिता जागं राहणारं कोण असतं? एका वैद्यामागे किती माणसं बसतात? काढ्यात तोए घालता का? तोए म्हणजे ब्रुगमान्सिया, धोतऱ्याच्या जवळची वनस्पती. आपल्याकडे धोतऱ्याची विषबाधा माहीत नाही असं गाव नसेल. तोच प्रकार : तोंड कोरडं, बाहुल्या विस्फारलेल्या, दिवसभर भ्रम. उत्तर गुळमुळीत आलं तर ते केंद्र सोड. कांबो, म्हणजे त्वचेवर भाजून डाग देऊन त्यावर बेडकाचा स्राव लावणं, आणि तंबाखूचं पाणी पिऊन उलट्या काढणं, हेही कित्येकदा 'सोबत मोफत' देतात. दोन्हींत माणसं मेलेली आहेत. सरळ नाही म्हण.

तुझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणीला हे सांग : डोक्यावर आणि तळहातांवर धूर फुंकणं ही नेहमीची रीत आहे. कपडे काढायला लावणं, एकटीला खोलीत बोलावणं हा कुठलाही उपचार नाही. अंधार आणि नशेचा फायदा घेणारे वैद्य इथे निघालेले आहेत. बाईच्या हाताखाली चालणारं केंद्र बघा आणि दोघांच्या गाद्या शेजारी मागा.

कुस्कोला पर्यटकांसाठी बैठका होतात, तिकडे जाऊ नकोस. ते शहर ३,४०० मीटरवर आहे, विरळ हवेने आधीच धाप लागते, आणि ही वेल तिथे उगवतही नाही. काढा खालच्या जंगलातून बाटल्यांत वर जातो.

आता तो दुसरा मार्ग. शिपिबोंच्या जुन्या रीतीत पुष्कळदा फक्त वैद्यच काढा पीत असे. रोगी शेजारी बसायचा आणि वैद्य त्याच्यावर गायचा. तेव्हा गोळी चालू ठेवून, पेला न घेता, मालोकात बसून इकारो ऐकता येतात आणि त्याला कोणीही चांगला वैद्य कमी लेखत नाही. आधी कळव, मी माएस्त्राशी बोलून ठेवीन. २००८ मध्ये पेरूने आयावास्काचं पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं, तेही जंगलातल्या समाजांचं ज्ञान आणि वापर म्हणून. त्या ज्ञानाचा मोठा भाग या गाण्यांतच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घे आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेव. पेरूहून परतताना मुंबईला ते मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियासाठी डॉक्टर मेफ्लोक्विन लिहून द्यायला लागले तर दुसरं काही मागून घे; त्याने काहींना भास आणि चिंतेचे झटके येतात. काढ्याची बाटली आठवण म्हणूनही आणायची नाही. इथे ती कायदेशीर आहे, पण आपल्याकडे डीएमटी अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

बैठकीनंतर निदान दोन-तीन दिवस रिकामे ठेव. नोकरी सोडणं, लग्न मोडणं असले निर्णय त्या आठवड्यात घेऊ नकोस. मन फार हळवं झालेलं असतं.

तिकीट अजून काढू नकोस. आधी डॉक्टरांची चिठ्ठी, गोळीचं नाव, डोस आणि कधीपासून चालू आहे ते मला पाठव, आणि केंद्राकडून आलेली उत्तरंही जशीच्या तशी पुढे पाठव. काकूंना सांग, शंका असतील तर रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करा. इथे तेव्हा सकाळ असते आणि मी घरीच असते.

काका-काकूंना नमस्कार.

तुझी,
सुमाताई