पालिकेच्या भाडेकरूंचे करार नव्याने लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत भाडेपावत्यांची चळत आहे. तळाच्या पावत्या आजोबांच्या नावाच्या, वरच्या वडिलांच्या. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली. भाडं मी भरतो, पावती अजून त्यांच्याच नावाने फाटते. नाव वेळेत बदलून घ्यायला हवं होतं, ते आम्हा भावंडांकडून राहून गेलं. पण त्या ट्रंकेत करारपत्र असं काही नाही, आणि आमच्या मजल्यावर कुणाकडे ते असल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी मुंबईतल्या एका बीआयटी चाळीत राहतो. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे बीआयटीने, या चाळी बांधल्या. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि आजोबा पालिकेचे भाडेकरू झाले. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहत होते. त्या काळी पावती हाच पुरावा होता, ते चालूनही गेलं. आज पुनर्विकासात नव्या घरासाठी पात्रता ठरवताना पहिला प्रश्न येतो, पावतीवर नाव कुणाचं?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती त्याने पाळली नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. भाडेकरू वारला, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयालाही हा कायदा भाडेकरू मानतो. हे सगळं खासगी मालकाच्या चाळीत. कलम ३ ने सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीच्या जागा या कायद्यातून वगळल्या आहेत. म्हणजे गल्लीपलीकडच्या खासगी चाळीतल्या भाडेकरूला जे संरक्षण आहे, ते आम्हाला नाही. आमचा आधार नियम आणि परिपत्रकं. म्हणून तर आमच्या हातात धड करार असणं जास्त गरजेचं आहे.

आमच्या मजल्यावर एक ताई आहेत. लग्न केलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा कॉमन गॅलरीतून बादल्या भरून आणताना त्यांना मी रोज पाहिलंय. पावती वडिलांच्या नावावर. भाऊ दोघं, विरारला आणि डोंबिवलीला, स्वतःच्या घरात. खोली ताईंच्या नावावर व्हायची तर दोघांची ना-हरकत हवी, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. एकाने सही दिली. दुसरा ‘बघू’ म्हणतो. जी बाई जन्मापासून त्या खोलीत आहे, तिचं तिथलं राहणं भावाच्या सहीवर का अडावं? करारात घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलेलं असतं, तर ही पाळीच आली नसती.

माझी भाची इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, घरात भाड्याने राहते. तिच्या काउन्सिलने भाडेकराराच्या अटी बदलायचं ठरवलं, तेव्हा आधी तिला पत्र आलं: काय बदलणार, त्याचा परिणाम काय, तुमचं म्हणणं कळवा. तिथल्या १९८५ च्या हाउसिंग ॲक्टमध्येच हे बंधन आहे. म्हणणं विचारात घेतल्यावर बदलाची नोटीस द्यायची, आणि त्यानंतरही किमान चार आठवडे बदल लागू करायचा नाही. आपल्या पालिकेला असं करायला काय हरकत आहे?

माझी पालिका प्रशासनाला विनंती आहे की पुनर्विकासाची वाट न पाहता प्रत्येक भाडेकरूशी नवा लेखी करार करावा. त्यात आज घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं असावीत, मुलगी आणि सून धरून. भाडेकरू गेल्यावर हक्क कुणाला आणि किती दिवसांत, हे स्पष्ट असावं. छत गळलं, जिना खचला तर दुरुस्ती कुणी करायची, इमारत रिकामी केल्यावर संक्रमण शिबिर कुठे आणि परत यायची लेखी हमी काय, हेही. मसुदा आधी चाळीत लावावा, हरकती घ्याव्यात. आणि तो साध्या मराठीत असावा. आमच्याकडे अनेक म्हाताऱ्या माणसांनी ‘सही करा’ म्हटल्यावर न वाचता सह्या केल्या आहेत.

अर्ज भरून घ्यायला कर्मचारी चाळीतच बसवले, तर ज्यांना जिना उतरवत नाही त्यांचीही नावं लागतील. बसायला जागा आणि टेबल-खुर्च्या आम्ही देऊ.

आपला नम्र,
बीआयटी चाळीतील एक भाडेकरू, मुंबई