मंत्रिमहोदय, महायुद्ध चौकटीत मावत नाही

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री महोदय,
यांस सविनय नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत माझ्या हातात पडली. प्रश्न नेहमीचाच होता, ‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा’. गुण पाच. मुलीने दीड पान लिहिलं होतं. तिचं म्हणणं असं की, करारांमुळे युद्ध पेटलं हे पुरेसं नाही. इटलीने 1882 मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी करार केला होता, पण 1914 मध्ये इटलीने अंग काढून घेतलं आणि 1915 च्या मे महिन्यात चक्क समोरच्या बाजूने युद्धात उडी घेतली. म्हणजे करार मोडता येत होते. मग बाकीच्यांनी ते का पाळले, असा प्रश्न विचारून तिने पुढे आपल्या परीने उत्तर शोधलं होतं. परीक्षकांनी त्या दीड पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी लाल रेघ ओढली आहे आणि समासात लिहिलं आहे, ‘मुद्दे नाहीत’. पाचपैकी एक गुण.

महोदय, मी 24 वर्षं इतिहास शिकवते. इतक्या वर्षांत या प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर मी चार-पाच वेळा वाचलं असेल.

आपल्याला आठवत असेल तर पाहा. दोन वर्षांपूर्वी इतिहासाच्या शिक्षकांची सभा झाली होती. ‘भार कमी करण्यासाठी’ महायुद्धाचं प्रकरण छाटल्याबद्दल मी तिसऱ्या रांगेतून उभी राहून विचारलं होतं. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण पूर्ण स्वरूपात परत येईल, असा शब्द आपण भरसभेत दिलात. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पुढची आवृत्ती आली. त्यात महायुद्धाला एक पान आहे आणि त्या पानावर निळी चौकट आहे. साम्राज्यवादी स्पर्धा, उग्र राष्ट्रवाद, शस्त्रास्त्र स्पर्धा, गुप्त करार. त्याखाली ‘तात्कालिक कारण : साराजेव्हो येथील हत्या’. संपलं. 90 लाखांहून अधिक सैनिक ज्यात मेले, चार साम्राज्यं ज्यात कोसळली, त्या युद्धाची कारणं पाच ओळींत आटोपली. माझ्या विद्यार्थिनीच्या उत्तरावरची लाल रेघ याच चौकटीतून आलेली आहे. परीक्षकांच्या हातात आदर्श उत्तर होतं, त्यात पाच मुद्दे होते, मुलीच्या कागदावर ते पाच शब्द सापडले नाहीत. त्या परीक्षकांना तरी मी काय बोल लावू? एका दिवसात किती गठ्ठे तपासावे लागतात, हे मला माहीत आहे.

चौकटीतलं एकही कारण खोटं नाही. पण ही सगळी कारणं 1913 मध्येही होती. 1911 मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स हमरीतुमरीवर आले, तेव्हाही होती. 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, 1912-13 मध्ये बाल्कनमध्ये दोन युद्धं झाली, तेव्हाही होती. तेव्हा महायुद्ध झालं नाही. मग 1914 च्या उन्हाळ्यातच का झालं? चौकट पाठ केलेलं मूल या प्रश्नापुढे गप्प बसतं. त्याच्या मनात एवढंच ठसतं की, कारणं साचली होती, युद्ध होणारच होतं. पाऊस पडावा तसं युद्ध पडलं. मुलांना हे शिकवणं मला चूक वाटतं, आणि म्हणूनच मी इतकी चिडले आहे.

मी कशी शिकवते ते सांगते. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधते. दोरीला 38 गाठी असतात. पहिली गाठ 28 जून 1914, शेवटची 4 ऑगस्ट. प्रत्येक गाठीपाशी एक मूल उभं राहतं आणि त्या दिवशी कुठे काय झालं ते सांगतं. पहिल्या गाठीला गाव्रिलो प्रिन्सिप, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजांना गोळ्या घालणारा. वय 19. सकाळी त्याच्या साथीदाराने टाकलेला बॉम्ब हुकलेला, आणि नंतर युवराजांच्या मोटारीच्या चालकाने चुकीचं वळण घेतल्याने मोटार थेट त्याच्यासमोर येऊन थांबलेली. वीस वर्षं पूर्ण नसल्याने त्याला फाशी देता आली नाही, 1918 मध्ये तो तुरुंगात क्षयाने मेला, हे ऐकून मुलं त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा पोरगा. आठव्या गाठीला, 5 जुलैला, जर्मन कैसर, म्हणजे सम्राट, व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, पाठिंब्याचा शब्द देऊन टाकतो, पुढचंमागचं न पाहता. मग सव्वीसाव्या गाठीपर्यंत वर्गात चुळबुळ सुरू होते, कारण वरवर काहीच घडत नाही. ऑस्ट्रियाचे सैनिक सुगीसाठी रजेवर गेलेले असतात. फ्रान्सचे अध्यक्ष रशियाच्या भेटीला गेलेले, ते बोटीने परत निघेपर्यंत व्हिएन्ना मुद्दाम थांबून राहते. 23 जुलैला, हत्येचा ठपका ठेवून, सर्बियाला निर्वाणीचा खलिता जातो. मुदत 48 तास.

आणि एकतिसावी गाठ, 28 जुलै. कैसर नॉर्वेच्या सफरीवरून नुकताच परतलेला. सर्बियाने बहुतेक सगळ्या मागण्या मान्य केल्याचं उत्तर तो सकाळी वाचतो आणि कागदावर लिहितो की, आता युद्धाचं काहीच कारण उरलेलं नाही. त्याच दिवशी व्हिएन्ना तारेने युद्ध पुकारते. एका वर्षी त्या गाठीपाशी उभ्या असलेल्या मुलाच्या हातातून दोरी सुटली. तो म्हणाला, “बाई, मग हे थांबलं असतं.” वर्ग शांत झाला. मी काही बोलले नाही. त्याला जे कळलं होतं, ते कुठल्याच चौकटीत लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या गाठी तर आणखी विलक्षण आहेत. 29 जुलैला रशियाचा झार संपूर्ण सैन्य सज्ज करण्याचा हुकूम देतो. रात्री कैसरची तार येते आणि तो हुकूम मागे घेतो. दुसऱ्या दिवशी मंत्री आणि सेनापती त्याच्या मागे लागतात, दुपारी तो पुन्हा हुकूम देतो. दोन सम्राट एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ अशा सह्या करून तारा पाठवत होते आणि सैन्यं हलत होती. 1 ऑगस्टला, इंग्लंड आणि फ्रान्स कदाचित बाजूला राहतील अशी आशा दिसल्यावर कैसर आपल्या सेनापतीला सांगतो की, सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके उत्तर देतो, जमणार नाही. आखणी झालेली आहे, लाखोंचं सैन्य असं ऐनवेळी फिरवता येत नाही. तीन दिवसांनी ते सैन्य बेल्जियममध्ये शिरतं. 1839 च्या करारात बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिलेली होती, त्यावर बोट ठेवून इंग्लंड युद्धात उतरतं.

हे सगळं शिकवायला मला किमान सहा तासिका लागतात. आपण मला एक दिली आहे. 35 मिनिटं.

आणि युद्धाचा क्रम? त्याबद्दल पुस्तकात ‘हे युद्ध 1914 ते 1918 या काळात चालले व त्यात मित्रराष्ट्रांचा विजय झाला’ एवढं एक वाक्य आहे. 1 जुलै 1916 या एका दिवसात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर ब्रिटिशांची 57 हजारांवर माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली, त्यातली 19 हजार मेली. आधी आठवडाभर 15 लाखांच्या वर तोफगोळे डागले होते, काटेरी तारा तुटल्या असतील असं समजून पोरांना चालत पुढे पाठवलं. अनेक ठिकाणी तारा तशाच होत्या. असाच अनुभव मार्च 1915 मध्ये फ्रान्समधल्याच नव्ह शापेलला येऊन गेला होता, आणि तिथे हल्ला करणाऱ्या सैन्यात जवळजवळ निम्मे हिंदी सैनिक होते. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापलीकडे लढायला गेली, सत्तर हजारांहून जास्त परतली नाहीत. आजच्या इराकमधल्या कूतच्या 147 दिवसांच्या वेढ्यात उपासमार सोसलेल्यांत मराठा पलटणीही होत्या. त्या सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं सरकारी तपासनीस वाचायचे, भाषांतर करून उतारे काढायचे, म्हणून आज त्यातलं थोडं तरी आपल्याला वाचता येतं. आपल्या पुस्तकात त्यांच्यासाठी अर्धी ओळसुद्धा नाही. 11 नोव्हेंबर 1918 ला पहाटे पाचच्या सुमारास युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या, पण अंमल अकरा वाजता ठरला होता. लढाई थांबणार हे ठरल्यानंतरही ती तशीच चालू राहिली. त्या एका दिवसात दोन हजारांहून अधिक माणसं मेली. ही गोष्ट सांगितली की मुलं विचारतात, का? मला वाटतं, त्या ‘का’साठीच इतिहास हा विषय शाळेत असतो.

आता माझ्याबद्दल. मला ते लिहायचं नव्हतं, पण लिहिते. माझ्या नोकरीत चार वेळा अभ्यासक्रम बदलला. चारही वेळा मी सुट्टीत बसून नवे नकाशे काढले, 1914 चा युरोप आणि 1919 चा युरोप, शेजारी शेजारी, स्वतःच्या हाताने. माझ्या स्वरयंत्राला गाठी आल्या, डॉक्टरांनी महिनाभर बोलणं बंद सांगितलं, तेव्हा मी फळ्यावर लिहून व्हेर्दांची लढाई शिकवली. सर्वेक्षणं, याद्या, ऑनलाइन माहिती भरणं, फोटो अपलोड करणं, या सगळ्यात गेल्या सत्रात माझ्या इतिहासाच्या 11 तासिका बुडाल्या. मी वहीत लिहून ठेवल्या आहेत, तारखांसकट. त्यासाठी मला कोणी जाब विचारला नाही. मात्र महायुद्धाला ठरलेल्याहून जास्त तासिका का घेतल्या, याचा लेखी खुलासा मागितला. तो कागद घरी नेताना माझे हात थरथरत होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

प्रकरण परत आणण्याबद्दल मी कार्यालयात तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्यावर, विषय समितीकडे पाठवला आहे. समितीने सांगितलं, निर्णय वरून होतो. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले, तेव्हा एका अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, “मॅडम, छपाईचं वेळापत्रक ठरलंय, आता बदल होणार नाही.” मी जिना उतरले तेव्हा माझ्या डोक्यात मोल्टके होता. मी एका धड्याची तुलना महायुद्धाशी करत नाही. पण ठरलंय म्हणून चालू राहणं, कोणीच स्वतःहून चुकीचं काही न करणं, आणि तरी चुकीचं होत राहणं, ही रीत मला ओळखीची वाटली. तुमच्या सगळ्या व्यवस्थेत असा एक माणूस मला सापडत नाही, जो म्हणेल की हे मी ठरवलं. प्रश्नपत्रिका काढणारे म्हणतात पुस्तक तसं आहे, पुस्तकवाले म्हणतात परीक्षा तशी आहे, परीक्षावाले म्हणतात निकाल लावायला वेळ नाही. आणि या सगळ्यांच्या मधे एक मुलगी आहे, जिने विचार केला आणि चार गुण गमावले. पुढच्या वेळी ती पाच शब्द पाठ करून लिहील. तिने मला तसं सांगितलंच आहे.

हा वाद संपलेला नाही, हेसुद्धा मुलांना कळायला हवं. 1919 च्या व्हर्सायच्या तहात कलम 231 घालून जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली. तो तह 28 जूनलाच झाला, साराजेव्होला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. त्याच कलमाचा राग जर्मनीत पुढे वीस वर्षं पेटता ठेवला गेला. 1961 मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच, दोष मुख्यतः आपल्याच राज्यकर्त्यांचा होता असं मांडलं, तेव्हा त्याच्या देशात गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी क्यूबात रशियन क्षेपणास्त्रं दिसली, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी 1914 च्या ऑगस्टवरचं एक पुस्तक वाचलेलं होतं, आणि तशा चुका आपल्या हातून होऊ नयेत असं ते जवळच्यांना सांगत होते. ते तेरा दिवस निभावले. फक्त त्या वाचनामुळे निभावले असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी वाचलं ते निळ्या चौकटीतलं नव्हतं, दिवसामागून दिवस उलगडणारं होतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रकरण तुम्ही शब्द दिल्याप्रमाणे परत आणा. निदान सहा तासिका द्या. ‘कारणे लिहा’ ऐवजी मुलांना एक दिवस द्या आणि विचारा, या दिवशी कोण काय वेगळं करू शकलं असतं. मुद्दे नसले तरी विचार असेल तर गुण द्या, असं परीक्षकांना लेखी कळवा. आणि त्या मुलीची उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला लावा. तिच्या संमतीने, नाव झाकून, तिची प्रत सोबत जोडली आहे.

दोरी मी यंदाही बांधली आहे. 28 जुलैच्या गाठीपाशी उभं राहायला वर्गातली तीन मुलं भांडत आहेत. खुलासा मागणारा कागद पुन्हा आला तर त्याचं उत्तर म्हणून याच पत्राची प्रत देईन.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका