वणव्याचा पैसा मोहाखाली घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी जनजागृतीचे फलक लागतील. पण आग लावू नये हे रामटेक-पारशिवनीकडच्या माणसाला फलकावरून कळायचे नाही, त्याला ते माहीतच आहे. काडीमागे त्याचा हिशेब आहे.

मोहफूल पहाटे गळते. पाचोळ्यात ते सापडत नाही, काळ्या भुईवर लगेच दिसते, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. विझला असे वाटते, पण बुंध्यापाशी धुमसत राहिलेले लाकूड दुपारच्या वाऱ्याने पुन्हा धरते. यावर उतारा साध्या शेडनेटचा. मोठ्या झाडाला साधारण ८ ते १० मीटर लांब-रुंद जाळी लागते. एका कडेपासून मध्यापर्यंत चिरली की ती बुंध्याभोवती बसते. गुडघाभर उंचीच्या खुंट्यांना बांधून थोडा झोळ ठेवावा. नुसती अंथरली तर पाचोळा उडून तिच्यावरच बसतो आणि गुरे तुडवतात. जाळीतल्या फुलाला माती लागत नाही. शिवाय अंधारात वाकून वेचणे टळते; अस्वलही त्याच वेळी मोहाखाली येते.

तेंदूची, म्हणजे विडीच्या पानाची, गोष्ट वेगळी. कोवळे पान फुटावे म्हणून आग लावतात. खरे काम बेलकटाईचे: मार्चपर्यंत झुडपे जमिनीलगत छाटायची, साधारण दीड महिन्यात पान तयार होते. पण छाटणीला मजुरी पडते, काडी फुकट. तेव्हा पानांच्या लिलावाच्या करारातच बेलकटाईची मजुरी लिहावी आणि आग लागल्यास ठेकेदाराची अनामत जप्त करावी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला. सगळ्यांना हे जमणार नाही. सत्तर पानांच्या पुड्यावर मे महिन्याचा किराणा भरणारी घरे पुष्कळ आहेत.

जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेली पट्टी. तिच्यातली चूक मात्र कामाच्या वेळेची आहे. सागाची पानगळ मार्चपर्यंत चालते, त्यामुळे जानेवारीत झाडलेली रेषा पुन्हा पाचोळ्याने भरते. मार्चमधल्या दुसऱ्या झाडणीचे पैसे ग्रामसभेच्या समितीकडे आधीच हवेत.

नागपूर जिल्हा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात नाही, म्हणून इथल्या ग्रामसभेला विचारायचे कशाला, असा एक सोयीचा समज आहे. २००६ चा वनहक्क कायदा इथेही लागू आहे. वन राखण्याचा अधिकार त्याच्या कलम ५ मध्ये आहे, आणि त्यासाठी समिती नेमायची ती ग्रामसभेनेच.

जाळ्यांची खरेदी जानेवारीतच व्हावी. एप्रिलमध्ये आल्या तर त्या गोदामात पडून राहतील आणि पुढच्या मोहापर्यंत उंदीर त्यांचा निकाल लावतील.

— एक वाचक, नागपूर