अंधेरीची पंचायत समिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या स्पर्धा परीक्षा पानावर राज्याच्या प्रशासकीय रचनेची रंगीत चौकट पाहिली. ६ महसुली विभाग, ३६ जिल्हे, ३५८ तालुके, इथपर्यंत ठीक. पण खालच्या ओळीत वरचेच आकडे उतरवून '३६ जिल्हा परिषदा आणि ३५८ पंचायत समित्या' छापून आपण मोकळे झालात. अंधेरी पंचायत समितीचे सभापती कुठे बसतात, तेवढे कळवावे.

जिल्हा परिषदा ३४ आहेत, पंचायत समित्या ३५१. जिल्हा आणि तालुका ही महसुलाची वाटणी, १९६६च्या जमीन महसूल संहितेतली. जिल्हा परिषद, पंचायत समिती १९६१च्या कायद्याने आल्या, त्याही ग्रामीण भागापुरत्या. मुंबई शहर जिल्ह्यात तालुकाच नाही. उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन आहेत, पण सगळा कारभार महापालिकेचा. म्हणून दोन जिल्हा परिषदा कमी. आणि हे तीन तालुके, शिवाय ठाणे, उल्हासनगर, पुणे शहर, नागपूर शहर असे सात वजा केले की ३५१. पाठ करायचीही गरज नाही. मुले मात्र तुमची चौकट कापून वहीत चिकटवतात आणि परीक्षेत गुण घालवतात!

हाच घोळ आपल्या बातम्यांतही असतो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की 'गावाचे अस्तित्व संपले' असा मथळा येतो. संपते ती ग्रामपंचायत आणि तिच्याबरोबर ग्रामसभा. घरपट्टी, बांधकाम परवानगी नगरपंचायतीकडे जाते आणि जिल्हा परिषदेच्या मतदारयादीतून ती वस्ती वगळली जाते. महसुली गाव तिथेच राहते. शेताचा सातबारा तलाठ्याकडेच (२०२४पासून ते 'ग्राम महसूल अधिकारी', पण हाक तलाठी म्हणूनच), फेरफार मंजूर करणारे मंडळ अधिकारीही तेच. लोक नेमके इथेच फसतात. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी नगरपंचायतीत खेटे घालतात आणि घरपट्टीवरचे नाव बदलायला तलाठ्याकडे जातात. वर्सोव्याच्या जमिनीच्या कागदावर आजही 'मौजे वर्सोवा, तालुका अंधेरी' असतेच की. उलट एका गट ग्रामपंचायतीत तीन-चार महसुली गावे असू शकतात, त्यामुळे ग्रामपंचायती मोजून गावांचा आकडा देऊ नये. तोही प्रताप या चौकटीत आहेच.

जाता जाता नकाशाविषयी. वर ३६ जिल्हे लिहून खाली पालघर ठाण्यातच रंगवले आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळे झाले. जुना नकाशा वापरायचा तर निदान मोजून तरी घ्यावा. आणि दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पानावर, त्याच आकारात छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

कळावे,
एक वाचक, ठाणे
(तालुका आहे, पंचायत समिती नाही)