किरण पसरणारा हिरवा लेझर पॉइंटर आणि तुमच्या ग्राहक सेवेचा जीवघेणा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ५३२ नॅनोमीटर, ५ मिलिवॅटच्या हिरव्या पॉइंटरचा किरण फाकणे, वॉरंटी नाकारणे आणि फोनवर दिलेला धोकादायक सल्ला

तुमच्या माणसाशी आत्ताच बोलून फोन ठेवला आहे आणि लगेच हे लिहायला बसले आहे. आता फोनवर बोलण्याची माझी इच्छा राहिलेली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि थंडीत मुलांना आकाशदर्शनाला वांगणीला नेते. पॉइंटर त्यासाठीच घेतला. किरणाचा फाकाव १.२ मिलिरेडियनपेक्षा (मिलिरेडियन हे कोन मोजायचं छोटं एकक) कमी असेल, असं तुमच्या पत्रकात छापलं आहे. म्हणजे ३० मीटरवर ठिपका फार तर चारेक सेंटिमीटरचा हवा. आमच्या शाळेच्या लांब व्हरांड्यात तेवढ्या अंतरावरच्या भिंतीवर तो जेवणाच्या ताटाएवढा पडतो. हिशेब केला तर दहा मिलिरेडियन, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. पौर्णिमेच्या चंद्राहून रुंद. कृत्तिकांचा मुख्य झुबका साधारण एक अंशाचा. त्यातली एक चांदणी दाखवायला गेलं की अर्धा झुबका त्या धुरकट हिरव्या पट्ट्यात जातो आणि मुलं विचारतात, "बाई, नक्की कुठली?" पैसे याच कामासाठी मोजले होते.

दर फोनला तुमचे लोक आधी सेल बदलायला लावतात. सेल उतरले की किरण मंद होतो, फाकत नाही. थंडीत हिरवा पॉइंटर मंदावतो हेही मला ठाऊक आहे, पण हा भर दुपारी वर्गातही असाच फाकतो. तरी प्रत्येक वेळी नवे सेल घातले, कारण त्याशिवाय तुमचा माणूस पुढचं वाक्य बोलतच नाही.

लेन्स साफ करून झाली आहे. तुमच्या माहितीपत्रकात सफाईबद्दल एक ओळ नाही, म्हणून कशी केली तेही लिहिते. सेल काढले. रबरी ब्लोअरने धूळ उडवली, तोंडाने फुंकली नाही. मग लेन्स पेपरच्या घडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन एकदाच, एकाच दिशेने, न घासता फिरवली आणि प्रत्येक वेळी नवा कागद घेतला. ॲसिटोन वापरलं नाही, कारण लेन्स प्लॅस्टिकची असेल तर ती कायमची धुरकटते. ठिपक्याभोवतीचं विखुरलेलं झगमगणं सफाईने गेलं. ते बोटाच्या तेलकट डागाचं होतं. मधला ठिपका मात्र जसा होता तसाच पसरट राहिला. मळ असला तर मधला ठिपका ठसठशीत राहून भोवती प्रभा दिसते. इथे मधलाच फुटला आहे. पॉइंटर हातात गोल फिरवला की त्या ठिपक्याचा लांबट आकारही सोबत फिरतो. म्हणजे दोष भिंतीत नाही, हवेत नाही, पॉइंटरमध्येच आहे.

कुठे आहे तेही सापडलं. नळीला नखाने हलकी टिचकी मारली की ठिपका लहान-मोठा होतो. पुढची लेन्स ज्या पितळी कड्यात बसवली आहे ते कडं आट्यांमध्ये सैल आहे. आट्यांवर लॉक करायचं लाल डिंकासारखं द्रव्य असायला हवं, त्याचा मागमूस नाही. मिलिमीटरच्या अंशाने लेन्स सरकली तर किरण समांतर राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कडं मी पिळून काढलं नाही. हिरवा पॉइंटर आत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण तयार करून त्यांतूनच हिरवा उजेड बनवतो. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते अडवणारा फिल्टर नेमका कुठे बसवला आहे हे तुमच्या कागदात नाही.

आता ज्या बोलण्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, पॉइंटर चालू करा आणि पुढच्या भोकातून आत बघा, काळं काही दिसतंय का."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. विचारलं, "चालू करून?"

"हो, बंद असल्यावर दिसणार कसं?"

मी म्हटलं, पॉइंटरवर पिवळं लेबल आहे, डोळ्यांत रोखू नका म्हणून. तो म्हणाला, "ते सगळ्याच मालावर असतं मॅडम, फॉर्मॅलिटी असते. एक सेकंदाने काही होत नाही."

मी वरिष्ठांना जोडायला सांगितलं. वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः बघायला घाबरत असाल तर घरात दुसरं कोणी आहे का?"

घरात माझी नववीतली मुलगी आहे. हे वाक्य ज्या माणसाने उच्चारलं त्याला तुम्ही लेझर विकणाऱ्या कंपनीच्या फोनवर बसवलं आहे. हिरव्या उजेडाला पापणी पाव सेकंदात मिटते, म्हणून ५ मिलिवॅटवर थोडं तरी संरक्षण मिळतं. अवरक्त किरणांना पापणी मिटत नाही. फिल्टरच नसलेला एक स्वस्त हिरवा पॉइंटर हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त अवरक्त किरण सोडत असल्याचं अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१० मध्येच मोजून प्रसिद्ध केलं आहे. ज्या कारखान्यात आट्यांना द्रव्य लावायचं राहतं तिथे फिल्टर बसवायचा राहिला नसेल, असं मी कोणाच्या भरवशावर मानू? आणि त्यात मुलीला डोकावायला लावू?

या फोनआधी पॉइंटर तपासून तुमच्या सर्व्हिस सेंटरने दिलेला शेरा: "लेन्सवर डाग. ग्राहकाची हाताळणी. वॉरंटीत बसत नाही." म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. पॉइंटर तपासायला दिला तेव्हा लेन्स स्वच्छ होती, देतानाचा फोटो माझ्याकडे आहे. परत आला तेव्हा तिच्यावर अंगठ्याचा पूर्ण ठसा होता. टिचकी मारून बघा असं मी अर्जात ठळक लिहिलं होतं, ते कोणी केल्याची नोंद नाही. सेल मात्र तिथेही बदलले!

तुमचा जुना लाल पॉइंटर शाळेच्या प्रयोगशाळेत अजून उत्तम चालतो. त्या विश्वासावर हा घेतला आणि इतर शाळांतल्या शिक्षकांनाही सुचवला. त्या सगळ्यांना मी आता कळवणार आहे की तुमच्या ग्राहक सेवेने सांगितलं तरी आत डोकावू नका. एवढं कळवायची वेळ माझ्यावर यावी याचं मनापासून वाईट वाटतं.

पॉइंटर बदलून द्या, किंवा लेन्स ३० मीटरवर जुळवून, आटे लॉक करून, फिल्टर तपासल्याच्या लेखी नोंदीसह परत करा. चालू लेझरमध्ये बघायला सांगण्याची सूचना तुमच्या फोनवरच्या प्रत्येक माणसाकडून आजच्या आज बंद करा आणि ती बंद केल्याचं मला कळवा. पहिली मागणी लांबली तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. दुसरी मागणी लांबली तर वाट न बघता जाईन.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका.

एक विज्ञान शिक्षिका
(बिल, सर्व्हिस सेंटरचा शेरा आणि भिंतीवरच्या ठिपक्याचे फोटो सोबत जोडले आहेत.)