जॅझ आहे तशी आहे, पण पुढच्या गाडीचं डोक्यात आहे

ती. बाबा, प्रिय आई,

परवा फोनवर बाबा तुम्ही विचारलंत की गाडी व्यवस्थित चालतीये तर बदलायचं खूळ कशाला, आणि तेव्हा मागे पोरांचा दंगा चालला होता म्हणून नंतर सांगते म्हटलं, तर आता सगळे झोपलेत आणि मी निवांत लिहितीये. पहिलं म्हणजे माझी होंडा जॅझ लगेच विकत नाहीये, काळजी करू नका. इंजिन ठणठणीत आहे, त्याला टायमिंग बेल्ट नाही चेन आहे त्यामुळे तो एक मोठा खर्च नसतोच, आणि वेळच्या वेळी ऑइल बदललं की ती बिचारी काही मागत नाही.

आणि खरं सांगू का, मला ती फार आवडते. ही गाडी २००१ साली जपानात फिट नावानं आली तेव्हा होंडानं पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांच्या खाली बसवली. एरवी छोट्या गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली असते, म्हणजे तिथली जागा आधीच गेलेली. जॅझमध्ये मागच्या सीटची बसायची गादी थिएटरमधल्या खुर्चीसारखी वर उचलून पाठीला टेकवायची, की खालपासून छतापर्यंत सगळं मोकळं. मध्यंतरी रबर प्लँटची मोठी कुंडी उभीच्या उभी आणली, एक पान दुमडलं नाही! पुढचं चाक काढलं की माझी सायकल पण तिथं उभी राहते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एवढीशी गाडी, पण आत काय काय मावतं ते वापरणाऱ्यालाच कळतं. गाडी बनवणाऱ्यानं माणसांचा आणि सामानाचा विचार केला की अशी गाडी होते असं माझं ठाम मत आहे.

मग बदलायची कशाला, तर माझं रोजचं ड्रायव्हिंग बघा ना, शाळा, ऑफिस, बाजार, सगळं जवळ जवळ. इंजिन गरम व्हायच्या आत पोचलेलं असतं, आणि थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, वर ऑइलमध्ये ओलावा साठतो तो वेगळाच. तसंही पेट्रोलमधल्या ताकदीतला पाव हिस्सा चाकापर्यंत पोचला तरी खूप झालं, बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून जाते. सिग्नलला ब्रेक मारला की उरलेली पण गेली. इलेक्ट्रिकमध्ये पाय उचलला की मोटरच जनरेटर होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते, त्यामुळे गावातल्या थांब-चल रस्त्यावर ती जास्त फायद्याची, जिथं पेट्रोल गाडी सगळ्यात जास्त खाते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो ते पण संपेल. म्हणून पुढची इलेक्ट्रिकच, हे पक्कं.

बाबा, बॅटरी किती टिकेल हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण सगळ्या बॅटऱ्या एक नसतात. एनएमसी म्हणजे निकेल-कोबाल्टवाली, ती रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करावी असं सांगतात. एलएफपी म्हणजे लोह आणि फॉस्फेटची, तेवढ्याच वजनात ती वीज थोडी कमी धरते पण जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते आणि १०० टक्के भरली तरी चालते, आणि मला तीच हवीय. साधारण ५० युनिटची, आपल्या लाईट बिलावर असतात तेच युनिट. छोटी गाडी १०० किलोमीटरला १५ ते १८ युनिट खाते, म्हणजे एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटरच्या आसपास रेंज झाली, मला भरपूर. घरी ७ किलोवॅटचा चार्जर लावला की रात्रीत फुल. इथल्या थंडीत रेंज कमी होते हे खरं आहे, पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णताच हीटरला मिळते, इलेक्ट्रिकला ती पण बॅटरीतूनच काढावी लागते, म्हणून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून कमी विजेत गाडी गरम करणारं यंत्र, असलेली मिळाली तर बरं. सेकंडहँड घेणारे, तेव्हा बॅटरीची तब्येत किती टक्के आहे याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढचं बोलणंच नाही. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, ती किती उरलीये ते पण बघायचं.

आणि बटणं हवीत! एसी कमी करायला स्क्रीनवर शोधाशोध करायची म्हणजे नजर रस्त्यावरून हटणार, मला ते अजिबात पटत नाही. युरो एनसॅप म्हणजे गाड्यांची सुरक्षितता तपासून मार्क देणारी युरोपातली संस्था, तिनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण मार्क द्यायचं ठरवलंय, फार बरं केलं.

आता खरी अडचण सांगते. इलेक्ट्रिकची बॅटरी गाडीच्या फ्लोअरखाली असते, त्यामुळे मागे पाय ठेवायची जागा वर येते, सीट तेवढी वर येत नाही आणि मग गुडघे पोटाकडे. आई, तू आली होतीस तेव्हा जॅझमध्ये मागे कशी आरामात बसायचीस, उतरताना कुणाचा हात पण लागायचा नाही. तुझे गुडघे डोक्यात ठेवूनच मी सगळ्या गाड्या बघतीये. एमजी ४ म्हणून एक इलेक्ट्रिक गाडी आहे, तिचा बॅटरी पॅक फक्त ११ सेंटीमीटर जाड आहे आणि छोट्या बॅटरीचं मॉडेल एलएफपीचं आहे, म्हणून सध्या तिच्यावर डोळा आहे. जॅझसारखी उचलायची गादी तिच्यात नाही, सायकल आडवी करूनच न्यावी लागेल, त्याचं वाईट वाटतं पण चालवून घेईन. आईला अवघडून बसावं लागलं तर मात्र ती गाडी बाद.

तर बाबा एक काम करा. आई तुमच्या गाडीत मागे बसते ना, तिथं टेप घेऊन गादीच्या पुढच्या कडेपासून खाली फ्लोअरपर्यंत किती भरतं ते मोजा, आणि गादी जमिनीपासून किती उंच आहे ते पण, दार उघडं ठेवून बाहेरून. दोन्ही आकडे मेसेज करा, शनिवारी टेस्ट ड्राइव्हला जाणारे तेव्हा टेप बरोबर नेते.

तुमची,
मनू